पायथॉनचं बिलिंग एकाच ईएक्सईत कसं द्यायचं?

प्रश्न: सोलापुरातल्या चादर कारखान्यासाठी बिलाची पायथॉन स्क्रिप्ट केली आहे. काउंटरच्या विंडोज 7 मशीनवर पायथॉन नाही. एकच ईएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, कशी द्यावी?

स्क्रिप्ट आणि पायथॉन एकत्र बांधून ईएक्सई करणारं पायइन्स्टॉलर वापरा, पण पायथॉन 3.8 घेऊन, विंडोज 7 वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. मशीन 32 बिटचं असेल तर पायथॉनही 32 बिटचंच. बांधणी विंडोजवरच करा, लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई निघत नाही. कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथॉनच्या वेगळ्या, स्वतंत्र फोल्डरात) लागतील तेवढीच मॉड्यूल टाका, नाहीतर फाइल उगाच फुगते.

खरी गोम वेगळीच आहे. पायइन्स्टॉलरच्या वनफाइल (सगळं एकाच फाइलीत) पर्यायाची ईएक्सई दर वेळी इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा पायथॉन) आणि मॉड्यूल विंडोजच्या टेम्पमधल्या तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, बंद होताना तो फोल्डर पुसते. म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो. बिलं साठवणारी एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल कोडमध्ये स्क्रिप्टशेजारी धरली असेल, तर ती या तात्पुरत्या फोल्डरातच जाते आणि दिवसभराची बिलं संध्याकाळी गायब! ती सिस डॉट एक्झिक्युटेबल दाखवतं त्या, म्हणजे ईएक्सई जिथे आहे त्या फोल्डरात ठेवा. फॉन्ट, लोगो मात्र अ‍ॅड-डेटा पर्यायाने ईएक्सईच्या आत घाला. मध्येच वीज गेली की टेम्पमधले फोल्डर पडून राहतात, अधूनमधून झाडा.

'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर पायइन्स्टॉलरच्या हिडन-इम्पोर्ट पर्यायात त्या मॉड्यूलचं नाव द्या. ईएक्सई दाबून लहान करणाऱ्या यूपीएक्सच्या नादी लागू नका, अँटिव्हायरस अनेकदा संशय घेतो.