विचारा बिनधास्त : कम्युनिटी कॉलेजात ‘सगळं थोडं थोडं’ शिकायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कॅलिफोर्नियात सनीवेलला असते, वय ४१. साताऱ्यात एस.वाय.बी.ए. झालं आणि लग्न होऊन इकडे आले, शिक्षण तिथेच राहिलं. आता ग्रीन कार्ड आलंय, मुलगी मिडल स्कूलला आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, कॅटलॉगमध्ये लिबरल आर्ट्सची डिग्री दिसली, सायकॉलॉजी, इतिहास, अँथ्रोपॉलॉजी असं सगळं एकत्र घेता येतं, वाचूनच मस्त वाटलं. पण मिस्टर म्हणतात हे करून नोकरी कसली मिळणार, त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन महिन्यांचा कोर्स कर. शिवाय बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. काय करू?

उत्तर : टेस्टिंग आवडत असेल तर जरूर करा, पण तुमच्या पत्रात त्याबद्दल एक उत्साहाचा शब्द नाहीये आणि अँथ्रोपॉलॉजीबद्दल आहे, त्यामुळे तो विषय मी इथेच सोडते.

आधी पैशाचं बोलू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर फी आहे आणि असोसिएट म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीला ६० युनिट लागतात, म्हणजे अख्ख्या डिग्रीची फी २७६० डॉलर, वर पुस्तकं, पार्किंग, किरकोळ फिया. (तुमच्या जवळची डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर, चालतात, तिथे ९० क्वार्टर युनिट धरतात, हिशोब जवळपास तोच.) तुमचं ग्रीन कार्ड आहे आणि बॅचलर्स झालेलं नाही, त्यामुळे फेडरल मदतीसाठी फॅफ्सा हा अर्ज भरू शकता. ज्यांनी भारतात बी.कॉम., बी.ए. पूर्ण केलंय त्यांना पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची फेडरल मदत, मिळत नाही, तुमचं अर्धवट राहिलेलं शिक्षण इथे उलट कामाला आलं बघा! अर्थात मिस्टरांचा पगार मध्ये येणार आणि सनीवेलच्या इंजिनियरी पगारावर ग्रँट मिळणं अवघडच, पण फॉर्म फुकट आहे, भरून टाका.

गणिताचं टेन्शन घेऊ नका. २०१७ च्या कायद्यानंतर इथल्या कम्युनिटी कॉलेजांना सरसकट प्लेसमेंट टेस्ट घेऊन लोकांना दोन-दोन वर्षं खालच्या गणितात अडकवून ठेवता येत नाही. तुमच्या वाटेला बहुतेक स्टॅटिस्टिक्स येईल, त्याला जोडून मदतीचा सपोर्ट क्लास पण मिळतो, आणि सायकॉलॉजी करायची तर स्टॅटिस्टिक्स तसंही लागणारच.

आता मुद्द्याचं. ही डिग्री म्हणजे भेळ नाहीये, की दिसेल ते टाकलं आणि झालं. साधारण अर्ध्याच्या आसपास युनिट जनरल एज्युकेशनमध्ये जातात, म्हणजे इंग्लिश, गणित, एखादं सायन्स लॅबसकट, आर्ट्स वगैरे, आणि किमान १८ युनिट एका ‘एरिया ऑफ एम्फसिस’मध्ये, म्हणजे विषयांच्या एका गटात, घ्यावीच लागतात. तुम्ही जे तीन विषय लिहिलेत ते बऱ्याच कॉलेजांत सोशल अँड बिहेवियरल सायन्सेस या एकाच एरियात बसतात, म्हणजे तुमची आवड तुम्ही समजताय तेवढी पसरलेली नाहीये.

पण एक मोठी मेख आहे आणि ती कॅटलॉगमध्ये कोपऱ्यात असते. नुसती ‘लिबरल आर्ट्स, ए.ए.’ (असोसिएट इन आर्ट्स) ही त्या कॉलेजची स्वतःची डिग्री झाली. ज्या डिग्रीच्या नावात ‘फॉर ट्रान्सफर’ असतं ती वेगळी, २०१० च्या कायद्याने आलेली, ती घेतली तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी मिळते. हमी पूर्ण सिस्टिममध्ये, म्हणजे तिच्या सगळ्या कॅम्पसपैकी, कुठेतरी जागा मिळण्याची आहे, घराजवळच्या सॅन होजे स्टेटचीच नाही, हे पण नीट लक्षात ठेवा, कारण मुलीची शाळा सोडून तुम्ही फ्रेस्नोला जाणार नाही. म्हणून मी म्हणेन की डिग्री पुढून नाही, मागून निवडा: आधी ठरवा तिसऱ्या वर्षी कुठे आणि कशात जायचंय, मग असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे तिथे तुमचं कॉलेज आणि पुढची युनिव्हर्सिटी टाका, कुठला कोर्स कशाच्या बदली धरतात ते दिसतं, तो कागद घेऊन काउन्सेलरकडे जा आणि एज्युकेशन प्लॅन लिहून घ्या. काउन्सेलर फुकट असतो आणि आपली माणसं त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जातात, आधी व्हॉट्सअप ग्रुप!

अजून एक, पुढे स्टेट युनिव्हर्सिटीत ‘लिबरल स्टडीज’ हा मेजर दिसला तर तो बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षक व्हायला निघालेल्यांसाठी असतो, नाव सारखं वाटतं म्हणून फसू नका. शिक्षक व्हायचंच असेल तर मग प्रश्नच नाही.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नुसत्या दोन वर्षांच्या या डिग्रीवर ऑफिसातली नोकरी चालून येत नाही, तिचा खरा उपयोग तिसऱ्या वर्षात शिरायला. पण एक दार लगेच उघडतं. टायटल वनचा (गरीब घरची मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा) फेडरल पैसा घेणाऱ्या शाळांत शिकवायला मदत करणाऱ्या पॅराला दोन वर्षांचं कॉलेज किंवा असोसिएट डिग्री लागते, नाहीतर परीक्षा द्यावी लागते. पगार फार नसतो, पण वेळा मुलीच्या शाळेसारख्याच, आणि पुढे बी.ए. करायचं की नाही ते वर्गात बसून ठरवता येतं. साताऱ्याच्या मार्कशीटा शिवाजी विद्यापीठातून मागवून इव्हॅल्युएट करून बघा, काही युनिट धरली तर बरंच, नाही धरली तर त्यासाठी वर्षभर थांबू नका. पहिल्या टर्मला दोनच क्लास घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणतो मिडलसेक्स कॉलेजला, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजला, लिबरल आर्ट्स घेतो, काय करायचं ते अजून ठरत नाहीये. मंडळात सगळ्यांची मुलं मोठमोठ्या कॉलेजला, आम्ही काय सांगायचं लोकांना?

उत्तर : काका, मंडळाला सांगा की मुलगा डोकं वापरतोय. १७ व्या वर्षी ‘माहीत नाही’ म्हणणारा मुलगा मला वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर भरून ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो. ही कॉलेजं काही काल उगवलेली नाहीत, इलिनॉयमधलं जोलिएट १९०१ सालचं आहे. न्यू जर्सीत कायदाच आहे की काउंटी कॉलेजची (तिथली कम्युनिटी कॉलेजं) ए.ए. किंवा ए.एस. (असोसिएट इन सायन्स) पूर्ण करून सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर ती क्रेडिट्स धरावी लागतात. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीला गेला तर शेवटी डिग्रीवर नाव रटगर्सचंच येतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली हे तिथे लिहीत नाहीत. पण प्रवेश मिळवावा लागतो, कायदा तो देत नाही, म्हणून मार्क लागणारच.

काळजी मला वेगळीच वाटते. ‘ठरत नाहीये’ म्हणणाऱ्या मुलाचं दीड वर्षाने कधीकधी इंजिनियरिंग किंवा नर्सिंग ठरतं, आणि तेव्हा कळतं की कॅल्क्युलस, केमिस्ट्री काहीच घेतलेलं नाही, मग दोनाची तीन वर्षं होतात. त्याला म्हणा लिबरल आर्ट्स घे, पण पहिल्या वर्षात कॅल्क्युलस आणि एक खरं लॅब सायन्स घे, त्याने कुठलाच रस्ता बंद होत नाही. आणि डिग्री पूर्ण कर, मध्येच ट्रान्सफर घेतली तर कायद्याचं ते संरक्षण तसं राहत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरची, यंदा बारावी कॉमर्स. एजंट म्हणतो अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला इंटरडिसिप्लिनरी स्टडीजला (अनेक विषय एकत्र) जा, स्वस्त आहे. जाऊ का?

उत्तर : स्वस्त रहिवाशांना आहे बाळा, तुला नाही. वर जी ४६ डॉलरची फी वाचलीस ती एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला लागू नसते, बऱ्याच कॉलेजांत तुला युनिटमागे तीनशे डॉलरच्या वर पडतील, दर टर्मला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात, आणि यातल्या बहुतेक कॉलेजांना हॉस्टेल नसतं, म्हणजे भाडं, इन्शुरन्स, जाणं-येणं सगळं वेगळं. पहिल्या वर्षी कॅम्पसच्या बाहेर काम करता येत नाही, आत पण टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच. आणि दोन वर्षांनी पैसे संपले म्हणून परत आलीस तर त्या असोसिएट डिग्रीला भारतात बी.ए.चा दर्जा नाही.

पुढची दोन वर्षं धरून एकूण चार वर्षांचा खर्च घरी कागदावर मांडून जमत असेल तर हा रस्ता थेट चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीपेक्षा खरंच कमी खर्चाचा पडू शकतो, त्यात खोटं काही नाही. जमत नसेल तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतातही मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) करून अर्थशास्त्राबरोबर मानसशास्त्र घेता येतं, तुझ्या कॉलेजात कुठली जोडी देतात ते जाऊन विचार. बऱ्याच एजंटना कॉलेजकडून कमिशन असतं, तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला स्वतः ईमेल टाक आणि परदेशी विद्यार्थ्याचा पूर्ण वर्षाचा खर्च लेखी मागव, एजंटला मध्ये न घेता.