रोजचा तो व्हिडिओ कॉल बंद करा

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली काळजी मुलीच्या मार्कांची आहे: बारावीला फिजिक्समध्ये १०० पैकी ९१ आणि एफवायबीएस्सीच्या मेकॅनिक्सला ५० पैकी १९. मला काळजी वाटली ती वेगळ्याच ओळीची. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर, तुम्ही साताऱ्यात, आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तुम्ही तिच्याकडून सूत्रं म्हणून घेता. अठरा वर्षांच्या मुलीकडून! वर "आमचा पेपर अवघड गेला". पेपर तिनं दिलाय ताई, आणि तिला काय वाटतं याची अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. जेवलीस का विचारायला जरूर फोन करा. सूत्रांचा कॉल आजपासून बंद.

पाठांतर कमी पडलं, हा तुमचा समजच चुकीचा आहे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे असतात. तिथं सूत्र आठवून आकडे टाकले की बऱ्याचदा भागतं. पदवीला भागत नाही. समजा, ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. खाली येणारी लिफ्ट थांबताना तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंदानं कमी होतोय. काट्यावर बल किती? सूत्रं घोकलेली मुलं 'खाली म्हणजे वजा' धरून ६० × (९.८ − २), म्हणजे ४६८ न्यूटन लिहितात. पण खाली जाणारा वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण वरच्या दिशेला आहे. उत्तर ७०८ न्यूटन. सूत्र त्यांना पाठ होतंच की! शिवाय बारावीची ती लाडकी गतीची समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच लागू पडतात. हवेचा विरोध धरला की त्वरण वेगाबरोबर बदलतं, डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाच्या दराचं समीकरण, मांडावंच लागतं, आणि एफवायची बरीच मुलं नेमकी तिथं अडतात.

तिनं रोज दोनच गणितं करावीत, पण पूर्ण. आधी एकाच वस्तूवरची सगळी बलं आकृतीत, मग धन दिशा, मग न्यूटनचा दुसरा नियम. आकडे अगदी शेवटी. उत्तर टोकाला नेऊन तपासायचं: लिफ्टची दोरी तुटली, तर काटा शून्य दाखवतो का?

तुमची एक तक्रार मात्र मी दोनदा वाचली. लंबकाच्या प्रयोगात 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९.७ आली, तर ९.८ लिहून मोकळं व्हायचं सोडून ही दुपारभर कारण शोधत बसली. आणि सापडलं तिला! लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, तिनं फक्त दोरा मोजला होता. मीटरभर लांबीत १ सेंटीमीटर त्रिज्या सुटली की 'जी' १ टक्क्यानं कमी येतो. ही मुलगी फिजिक्सला योग्य नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? आकडा बदलायचा सल्ला तर पुन्हा कधीच देऊ नका.

बीसीएसला, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला, बदलायचं म्हणता, तर गणित तिथंही आहे. जॅम आणि सीयूईटी-पीजी या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षा बीएस्सीनंतरच्या गोष्टी, आत्ता नकोत. तिनं उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे जावं आणि मार्क नक्की कुठं गेले ते बघावं: आकृतीत, समीकरण मांडण्यात की इंटिग्रेशनमध्ये? इंटिग्रेशन असेल, तर बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातली ती प्रकरणं पुन्हा करावीत. एका सुट्टीत होतात. एवढं करूनही तिला शाखा बदलावीशी वाटली, तर मला तिनंच लिहावं. तुमचं पत्र त्यासाठी चालणार नाही.