व्यायाम दर वेळी महिन्याच्या आत सुटतो. तब्येत सुधारण्यासाठी नेमके काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय 38 आहे, काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आहे, दोन जिने चढले तरी धाप लागते, आणि गेल्या दोन वर्षांत तीन वेळा व्यायाम सुरू करूनही तिन्ही वेळा महिना पुरा होण्याआधी तो सुटला. जिम लावावी की नुसते चालणे पुरेसे आहे, आणि फरक किती दिवसांत दिसेल, हे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी डॉक्टर नाही आणि प्रशिक्षकही नाही. मात्र तुम्ही वर्णन केलेल्या फेऱ्यातून मी स्वतः बरीच वर्षे गेलो आहे, आणि गेली सहा वर्षे माझ्या व्यायामात अधूनमधून खंड पडला तरी तो सुटलेला नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

व्यायाम सुटण्याचा दोष तुम्ही आपल्या आळसाला आणि कमकुवत निश्चयाला दिला आहे. मला ते पटत नाही. जो माणूस दोन वर्षांत तीनदा नव्याने कंबर कसतो, त्याच्याकडे निश्चयाची उणीव नसते. चूक होते ती मात्रेत. सहा महिन्यांनी झेपेल एवढा व्यायाम आपण उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी करतो, आणि मग शरीर त्याचा हिशोब तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मागते.

माझ्या शेवटच्या फसलेल्या प्रयत्नात मी पहिल्याच दिवशी अर्धा तास धावलो होतो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की कठडा धरून, आडवे पाऊल टाकत, एकेक पायरी उतरावी लागली. ते दुखणे तीन-चार दिवसांत गेले, आणि ते जाणारच होते. सवय नसलेल्या व्यायामानंतरची अंगदुखी एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवते आणि मग आपोआप ओसरते. खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात आली. दम टिकू लागला होता, अंगात हुरूप होता, म्हणून मी अंतर वाढवले. आणि एका सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकवले तेव्हा टाचेत सुई खुपसावी तशी कळ आली. त्यानंतर दोन महिने धावणे बंद राहिले आणि त्याबरोबर बाकीचा व्यायामही गेला.

असे का होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत नव्या श्रमांशी जुळवून घेऊ लागतात. ताकदही लवकर वाढल्यासारखी वाटते, पण ती सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे होते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. त्यांना महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात दम आणखी मागत असतो, पण टाच, पोटरी आणि गुडघा तयार झालेले नसतात. नेमक्या त्याच वेळी आपण मात्रा वाढवतो. तुमचाही व्यायाम दर वेळी याच सुमारास सुटला, यात मला योगायोग दिसत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की पहिले सहा आठवडे जेवढे जमते त्याहून मुद्दाम कमी करा. रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटेच वाढवा. असे केले तर दोन ते अडीच महिन्यांत तुम्ही अर्ध्या तासावर पोहोचाल. ही दहा मिनिटे दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा, म्हणजे वेळ शोधावी लागणार नाही. मी ती संध्याकाळी कामावरून परतण्याशी जोडली होती: पिशवी ठेवायची, बूट काढायचे नाहीत आणि तसेच पुन्हा बाहेर पडायचे. एकदा बूट काढून बसलो की उठणे होत नाही, हे मला पुरते ठाऊक होते.

दहा मिनिटांनी काय होणार, असे तुम्हाला वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा 75 ते 150 मिनिटे जोरदार श्रमाची, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. याच सूचनांत असेही स्पष्ट म्हटले आहे की अजिबात न करण्यापेक्षा थोडे करणे चांगले. सलग दहा मिनिटे चाललात तरच ते धरायचे, ही जुनी अटही आता राहिलेली नाही. म्हणजे 150 मिनिटांचा आकडा हे पोहोचण्याचे ठिकाण आहे; तिथे पोहोचेपर्यंतची वाटचाल वाया जात नाही. दहा हजार पावलांच्या आकड्याचेही दडपण घेऊ नका. 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता, आणि हा आकडा तिथून रुळला.

नुसत्या हालचालीचा हृदयाशी काय संबंध आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवणारे काम मला फार मोलाचे वाटते. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांची तुलना केली होती. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी वरखाली जिना चढत-उतरत असत. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. नोकरीला लागतानाच चालक अधिक स्थूल होते की काय, ही शंकाही मॉरिस यांनी पुढे गणवेशांच्या मापांवरून तपासली, आणि चालकांच्या कमरेची मापे खरोखरच मोठी निघाली. म्हणजे सगळा फरक जिन्याच्या पदरात टाकता येत नाही. तरीही शरीराच्या हालचालीकडे वैद्यकाचे लक्ष वळले त्यात या कामाचा वाटा मोठा आहे, आणि वाहकांचे ते जिना चढणे-उतरणे व्यायाम म्हणून नव्हते, ते त्यांच्या कामाचाच भाग होते, ही गोष्ट बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कामाच्या वेळेत दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालणे मी त्यामुळेच व्यायामाच्या खालोखाल महत्त्वाचे मानतो.

चालण्याचा वेग किती असावा, यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा तो असावा. बोलतानाही दम लागत असेल तर वेग कमी करा. निवांत गाता येत असेल तर पावले थोडी उचला.

आता जिमविषयी. जिम आवश्यक नाही, परंतु ताकदीचा व्यायाम आवश्यक आहे, आणि नुसत्या चालण्याने ती गरज भागत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि बैठ्या आयुष्यात ही झीज अधिक होते. घरी करता येण्याजोगा सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणे. न सरकणारी, हातांचा आधार नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या कडेशी बसा, पावले खांद्यांइतकी अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवा, हात छातीशी घ्या, धड थोडे पुढे झुकवा आणि टाचांवर भार देऊन उठा. उठताना श्वास सोडा. खाली बसताना मनात तीन अंक मोजा. खुर्चीवर धपकन बसलात तर अर्धा व्यायाम हातातून जातो. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. पहिल्या दिवशी आठ वेळा पुरे. त्याच्या जोडीला भिंतीवर हात टेकवून जोर काढा, आणि पुस्तके भरलेली पिशवी कंबरेतून वाकून पोटाकडे ओढा, म्हणजे पाठीलाही काम मिळते. हे तिन्ही प्रकार आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांत होतात. सोपे वाटू लागले की आधी संख्या वाढवा, मग वजन.

खंड पडेल, हे आधीच धरून चाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांच्या सवयी कशा रुजतात याचा अभ्यास केला, तेव्हा वागणे अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असे दिसले, पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक 18 ते 254 दिवस इतका प्रचंड होता. एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हेही त्यांना आढळले. तुम्ही तिन्ही वेळा तीन-चार आठवड्यांत थांबलात, म्हणजे सवय लागण्याआधीच स्वतःला नापास ठरवलेत. मी एकच नियम पाळतो: एक दिवस चुकला तर चालेल, पण लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही. आजारपणामुळे आठवडाभर खंड पडला तर आधीच्या निम्म्या मात्रेपासून सुरुवात करायची आणि चुकलेले भरून काढायला जायचे नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत केलेल्या दिवसावर मी पेन्सिलीने गोल करतो; त्यात मोकळी घरेही पुष्कळ आहेत.

वजनाबाबत थोडे स्पष्ट लिहितो, कारण अनेकांचा व्यायाम काट्याकडे पाहूनच सुटतो. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात आणि 65-70 किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. त्यामुळे केवळ चालून वजन झरझर उतरणार नाही. तिथे खाण्याचा वाटा मोठा आहे. साखर घातलेली पेये कमी करणे, प्रत्येक जेवणात प्रथिने असणे आणि दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवणे, एवढ्यावर आधी लक्ष द्या. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. रोज वजन करण्याऐवजी महिन्यातून एकदा फितीने कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा साधा निकष आहे.

झोपेचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, तरी सांगतो: सात तासांपेक्षा कमी झोप होत असेल तर आधी ती सुधारा. कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतरची कॉफी सोडून पाहा.

सुरुवात करण्याआधी एकदा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्या. दोन जिन्यांत धाप लागणे हे बहुतेकदा सवय नसल्याचे लक्षण असते, पण त्यासोबत छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा छातीत विचित्र धडधड जाणवत असेल, तर व्यायाम थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे जा.

फरक किती दिवसांत दिसेल, याचे उत्तर तुम्ही कुठे पाहता यावर आहे. आरशात तीन महिने बहुधा काही दिसणार नाही. झोप आणि दुपारची मरगळ यांत दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो, निदान मला तो तसा जाणवला. तुमच्याकडे मात्र मोजमापाचे साधन आधीच आहे. आजच ते दोन जिने नेहमीच्या चालीने चढा, वर पोहोचल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहून लिहून ठेवा, आणि दर दोन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच जिन्यावर पुन्हा मोजा. माझा पहिला आकडा 95 सेकंद होता आणि दहाव्या आठवड्यात तो 40 वर आला, तेव्हा काटा अवघा एक किलो सरकला होता.