ऑडिओचा मजकूर करणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसं लिहावं?

माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणारा एआय प्रोग्रॅम, मात्र समोर जे लिहिलंय त्यावरून अंदाज बांधून पुढे जातो. त्यामुळे प्रत्येक पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती, उदाहरणार्थ भाषा) रिकामा सोडला तर काय होईल, हे आधी लिहा.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग उतरवायचं काम मी एजंटला दिलं होतं. टूल व्हिस्परवर, म्हणजे बोलणं ऐकून मजकूर करणाऱ्या ओपनएआयच्या मॉडेलवर चालणारं. भाषेच्या पॅरामीटरपुढे 'ऐच्छिक' एवढंच लिहिलेलं, म्हणून एजंटने तो रिकामा सोडला. व्हिस्पर भाषा ओळखतं ती सुरुवातीच्या 30 सेकंदांवरून, आणि त्या 30 सेकंदांत सेक्रेटरी वॉचमनशी हिंदीत बोलत होते! पुढची अख्खी मराठी सभा हिंदी समजून उतरवली गेली. 'पाण्याची टाकी'ची 'पानी की टंकी' झाली. मग मी वर्णनात एकच वाक्य घातलं: 'भाषा माहीत असेल तर कोड द्याच, मराठीसाठी एमआर.' तेव्हापासून ही चूक पुन्हा झालेली नाही.

एरर मेसेजवरही मेहनत घ्या, कारण एजंट पुढचं पाऊल त्यावरूनच ठरवतो. 'फाइल चालली नाही' याचा त्याला काडीचा उपयोग नाही. 'फाइल 25 एमबीपेक्षा मोठी आहे, तुकडे करून क्रमाने पाठवा' असं लिहिलं की तो स्वतःच मार्ग काढतो.

आणि हो, लांब शांतता असेल तिथे व्हिस्पर कधीकधी कुणीच न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. हे स्पष्ट नोंदवा आणि आउटपुटमध्ये प्रत्येक वाक्याची वेळ द्या, म्हणजे तेवढा भाग परत ऐकून तपासता येतो.