वानर गाल का फुगवत नाही?

प्रश्न : घरामागच्या आंब्यावर वानरांची टोळी येते, अंगणात माकडंही येतात. माकडं शेंगदाणे गालात कोंबून पळतात, वानरं मात्र तिथंच बसून पाला खात राहतात. असं का? आणि नवा हुप्प्या आला की पिल्लं मारतो, हे खरं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : अगदी नेमकं पाहिलंत. शाळेत जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा मी पोरांना सांगायचो, शेपटी नंतर, आधी गाल बघा. माकडाच्या गालात आतून पिशवी असते. मिळेल ते भराभर कोंबायचं, उंच फांदी गाठायची आणि मनगटाने बाहेरून गाल दाबत एकेक दाणा दातांखाली आणायचा.

वानराला ही पिशवीच नाही. त्याची करामत पोटात. जठराला कप्पे असतात, तिथले जंतू पाला आंबवतात, थोडंफार गाईसारखंच. त्याला वेळ लागतो. दुपारी वानरं शेपट्या खाली सोडून तासन्‌तास बसतात ती आळसाने नव्हे, पचन चालू असतं. हे पोट पाल्यासाठी घडलेलं, म्हणून हात जोडून सांगतो, त्यांना बिस्किटं, पाव टाकू नका.

हुप्प्याचं म्हणाल तर, होय, खरं आहे. जपानी संशोधक सुगियामा यांनी 1960 च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडला हे नोंदवलं. वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो, तोच हुप्प्या, बाकीचे नर वेगळा कळप करून हिंडतात. त्यातला एखादा जुन्याला हुसकावतो. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी सहसा माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते. नव्या हुप्प्याची सत्ता टिकणार थोडीच वर्षं, तेवढ्यात स्वतःची पिल्लं व्हावीत म्हणून तो आधीची मारतो, असं मानतात. प्रत्येक वेळी असं घडत नाही, आणि माद्याही गप्प बसत नाहीत, म्हाताऱ्यासुद्धा अंगावर धावून जातात. आपल्याकडच्या टोपी माकडांच्या, म्हणजे तुमच्या अंगणात येणाऱ्या माकडांच्या, टोळीत नर अनेक असतात, त्यामुळे अशी एकहाती उलथापालथ तिथे क्वचितच.

याच वानरांची दुसरी बाजूही पाहा. शाळेमागच्या वडावर एकदा नुकतंच जन्मलेलं पिल्लू दिसलं, काळंभोर, अंग अजून ओलसर. तासाभरात ते चार माद्यांच्या कुशीत फिरून आलं. आई शेजारी निवांत पाला खात होती.

तुमच्या आंब्यावर हुप्प्या बदलला, तर आधी पिल्लं किती होती, नंतर किती उरली, तारखेसह लिहून ठेवा आणि मला जरूर कळवा.