आईशप्पथ फोनवर, युती डेफकॉनमध्ये

पत्र

ताई, आम्ही सहा भावंडं, चुलत आणि आते मिळून, दर शनिवारी रात्री दहाला डेफकॉन हा अणुयुद्धाचा कॉम्प्युटर गेम खेळतो. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, एक आतेबहीण इंग्लंडमध्ये. मोड कायम डिप्लोमसी. त्या शनिवारी माझ्याकडे युरोप होता आणि माझ्या चुलतभावाकडे रशिया. मी त्याला दादाच म्हणते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोटला आम्ही दोघं ठरलेले भिडू. खेळ ऐन रंगात असताना त्याचा फोन आला. म्हणाला, "आपण दोघं शेवटपर्यंत, आईशप्पथ. आफ्रिकेवर सायलो कधी उघडतेस तेवढं सांग." मी सांगितलं. सहाही सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रांचे तळ, उघडले आणि थोड्याच वेळात तो युतीतून बाहेर पडला. माझे 6 कोटी लोक गेले. रागाच्या भरात मी उरलेलं सगळं त्याच्यावर सोडलं आणि जिंकली दक्षिण अमेरिका, म्हणजे आतेबहीण. खरं सांगायचं तर रशियाला आपण नंतर बाहेर काढू, असं मी तिला खासगी चॅटवर आधीच म्हटलं होतं. दादाला ते माहीत नाही. तीन आठवडे मी त्याच्याशी बोललेली नाही. तो ग्रुपवर लिहितो, "अगं, गेम आहे तो." पुढच्या महिन्यात घरी साखरपुडा आहे. मी मूर्ख ठरले का? आणि पुन्हा खेळू की नको?

युरोप, पुणे

उत्तर

प्रिय युरोप,

मूर्ख नाहीस. पण सहाही सायलो एकदम उघडलेस, ही चूक होती. आधी तिच्याबद्दल लिहिते, कारण ती दुरुस्त करणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे. फोनवरच्या शपथेकडे मग येते. तुला खरं दुखलंय ते तिथेच, हे पत्र वाचताना कळलं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या इन्ट्रोव्हर्जन सॉफ्टवेअरने तो 2006 मध्ये काढला. जगाच्या नकाशावर सहा प्रदेश असतात आणि प्रत्येकाकडे बरीच शहरं, त्यांत मिळून 10 कोटी माणसं. सज्जतेची पातळी 5 पासून 1 पर्यंत उतरते. 5 म्हणजे शांतता आणि 1 म्हणजे अणुयुद्ध. अमेरिकी लष्कराची खरी सज्जतेची पायरीही अशीच उलटी मोजतात. 3 वर आरमार आणि विमानं एकमेकांना भिडतात. खेळाच्या घड्याळात 30 व्या मिनिटाला 1 येतो आणि अण्वस्त्रं मोकळी होतात. डिप्लोमसी मोडमध्ये सहाही जण एकाच युतीत, एकाच रंगात सुरुवात करतात. प्रत्येकाला 100 गुण मिळतात आणि आपली 10 लाख माणसं मेली की एक गुण जातो. दुसऱ्याची माणसं मारल्याबद्दल काहीही मिळत नाही.

हा शेवटचा नियम तू पुन्हा एकदा नीट वाच. मारल्याचे गुण नाहीत, म्हणजे बदल्याचेही नाहीत. पण सगळे शांत बसले तर सहाही जण 100 वरच राहतात आणि कुणीच जिंकत नाही. म्हणजे या मोडमध्ये युती मोडणार हे पहिल्या मिनिटालाच ठरलेलं असतं. कोण मोडणार, कधी, आणि त्या क्षणी कोण उघडं पडलेलं असेल, एवढंच ठरायचं राहतं. मेंढीकोटात समोर बसलेला भिडू डाव संपेपर्यंत भिडूच राहतो, दहिल्या दोघांच्या एकाच ढिगात जातात. तू तोच भरवसा घेऊन इथे बसलीस. इथे ढीग प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता सायलो. सायलोला दोन रूपं असतात. मूळ रूपात तो हवाई संरक्षण करतो, येणारी क्षेपणास्त्रं आणि विमानं पाडतो. मारा करायचा तर त्याला त्या रूपातून बाहेर काढावं लागतं. त्याला खेळातली दोन मिनिटं लागतात आणि त्यानंतर तो काहीही पाडू शकत नाही. एकेका सायलोत 10 न्यूक, म्हणजे अणुक्षेपणास्त्रं, असतात आणि दोन सुटण्यांमध्ये पुन्हा दोन मिनिटं जातात. परत संरक्षणावर यायला साडेपाच मिनिटांहून थोडा जास्तच वेळ लागतो. शिवाय पहिलं क्षेपणास्त्र सुटलं की तो सायलो सगळ्यांच्या नकाशावर दिसतो. सहाही एकदम उघडले म्हणजे लंडनपासून पूर्वेपर्यंत तुझ्या डोक्यावर छप्परच उरलं नाही, आणि ते कधी उडणार ती वेळ तूच दादाला सांगितली होतीस. रशियाकडून युरोपवर क्षेपणास्त्र यायला असा कितीसा वेळ लागतो! दक्षिण अमेरिकेने हाच डाव टाकला असता तर निदान सावरायला थोडी मिनिटं मिळाली असती.

यापुढे एका वेळी दोन सायलो उघड, फार तर तीन. उरलेले संरक्षणावरच राहू देत, आणि उघडे व मिटलेले सायलो एकमेकांच्या शेजारी असावेत, म्हणजे मिटलेला उघड्याचं रक्षण करतो. सायलो उडवायला तीन थेट तडाखे लागतात, त्यामुळे शेजारच्याने एखाददुसरं जरी पाडलं तरी तो वाचतो. मांडणी करतानाच हे ठरवावं लागतं, कारण 3 आला की नवीन काही ठेवता येत नाही. युरोप घेतलास तर सहापैकी किमान दोन सायलो पूर्वेकडे ठेव, रशिया कितीही जवळचा असला तरी. त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. त्याच्याकडेही सायलो आहेत आणि तेही हलवता येत नाहीत.

रडारचंही तसंच. मित्राला रडार दिलं की तुझं रडार जे पाहतं ते सगळं तो पाहतो, तुझे सायलो आणि विमानतळही त्यात आले. रडार नंतर काढून घेता येतं, पण एकदा पाहिलेली जागा त्याच्या नकाशावर तशीच राहते. म्हणून शस्त्रसंधी आणि रडार या दोन वेगळ्या गोष्टी समज. शस्त्रसंधी सढळ हाताने दे. रडार दे ते लांबच्याला, ज्याला तुझ्यापर्यंत पोचायला समुद्र ओलांडावा लागतो.

दादाच्या पाणबुड्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक तिकडे लक्षच गेलं नाही. बुडालेली पाणबुडी रडारवर दिसत नाही. ती शोधते पाणबुडीविरोधी रूपातली विमानवाहू नौका, नाहीतर सोनार चालू केलेली दुसरी पाणबुडी. प्रत्येक पाणबुडीत 5 क्षेपणास्त्रं असतात आणि एका ताफ्यात सहा पाणबुड्या बसतात, म्हणजे 30 न्यूक तुझ्या किनाऱ्यापाशी गुपचूप उभी राहू शकतात. त्यांचा पल्ला मर्यादित असल्याने त्यांना जवळ यावंच लागतं, आणि डागताना पाण्यावर यावं लागतं. तुझ्या 12 विमानवाहू नौकांपैकी निदान एक ताफा उत्तर समुद्रात पाणबुड्या शोधायला ठेव. सगळ्या नौकांना बॉम्बर वाहायला लावू नकोस.

फुटणारा मित्र आधी ओळखू येतो का? बऱ्याचदा येतो. डेफकॉनमध्ये प्रत्येक जण आपल्याला हवा तो वेग मागतो आणि खेळ सर्वांत हळू मागणाऱ्याच्या वेगाने चालतो. एरवी 20 पट वेगाने पळणारा माणूस एकदम 5 पट मागायला लागला, तर त्याच्या हातात काहीतरी नाजूक काम आहे. ते काम काय आहे हे त्याने तुला सांगितलं नसेल, तर ते तुझ्याविरुद्ध आहे असं धरून चाल. दुसरी खूण म्हणजे युतीच्या चॅटवरची शांतता: एरवी शेरेबाजी करणारा फक्त 'हो', 'चालेल' लिहू लागतो. पण सगळ्यांत पक्की खूण तुला फोनवर ऐकू आली होती. "सायलो कधी उघडतेस?" हा प्रश्न मित्राला विचारावा लागतच नाही. त्याला एवढंच सांगायचं असतं की अमुक मिनिटाला अमुक शहरावर मी मारतो, तू तमुक शहर घे. कुठे मारायचं हे न बोलता जो फक्त वेळ विचारतो, त्याला तुझं संरक्षण कधी उठतं तेच हवं असतं. असा प्रश्न आला तर रागावू नकोस. खोटी वेळ सांग आणि त्या वेळी त्याचे ताफे कुठे येऊन थांबतात ते बघ.

तडाखा बसल्यावर तू जे केलंस त्याचा तुला पहिल्या तडाख्याइतकाच फटका बसला. न्यूक शहरावर पडलं की तिथली साधारण निम्मी माणसं जातात, दुसरं पडलं की उरलेल्यांपैकी निम्मी. म्हणजे पहिल्या लाटेनंतरही तुझ्याकडे वाचवण्यासारखं पुष्कळ होतं. त्याच क्षणी तीन-चार सायलो संरक्षणावर परत घ्यायला हवे होते. तू ते उघडेच ठेवलेस, मॉस्कोवर डागत राहिलीस आणि त्याची दुसरी लाट तुझ्या मोकळ्या आकाशातून आली. तुझ्या माऱ्याने रशियाचे गुण गेले, तुझा एकही वाढला नाही. तुम्ही दोघं एकमेकांना खात होतात तेव्हा दक्षिण अमेरिकेवर एकही न्यूक पडत नव्हतं, आणि नेहमीच्या मांडणीत सगळ्यांची मिळून 20 टक्के अण्वस्त्रं उरली की शेवटची 45 मिनिटांची मोजणी सुरू होते. ती तुमच्याच साठ्यामुळे लवकर सुरू झाली. अशा वेळी हातातली क्षेपणास्त्रं वापरायची नसतात, दाखवायची असतात. तुझ्या पाणबुड्या शाबूत होत्या. युतीतल्या उरलेल्या चौघांना लिहायचं होतं: "माझ्याकडे अजून इतकी शिल्लक आहेत, रशियाविरुद्ध जो माझ्याबरोबर येईल त्याच्यावर ती पडणार नाहीत." 6 कोटी गमावलेल्या खेळाडूचीही किंमत राहते ती एवढ्याचमुळे.

आता दादा.

त्याने युती मोडली, यात त्याची चूक मला दिसत नाही. तूही मोडणारच होतीस. आतेबहिणीला तू खासगीत लिहिलंस ते आणि त्याने केलं ते, यात फरक फक्त वेळेचा, आणि त्याने तुझ्या आधी केलं. हे तू स्वतःशी कबूल केल्याशिवाय त्याच्याशी बोलायला जाऊ नकोस, कारण आतेबहीण कधीतरी हसत हसत ते सांगून टाकेल आणि मग तुझी बाजू लंगडी पडेल.

पण फोन त्याने करायला नको होता. खेळाच्या चॅटवर लिहिलेलं 'शेवटपर्यंत' हे खेळातलं वाक्य असतं आणि तिथे खोटं बोलायची मुभा सहाही जणांना सारखीच असते. फोनवर आईची शपथ घेणारा रशिया नसतो, तुझा चुलतभाऊ असतो. त्याने घरातला विश्वास खेळात आणून खर्च केला. "गेम आहे तो" हे त्याचं म्हणणं युतीपुरतं खरं आहे, शपथेपुरतं नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि तीन आठवडे गप्प राहून तूही सांगितलेलं नाहीस. त्याला वाटतंय तू हरल्यामुळे चिडली आहेस.

साखरपुड्यापर्यंत थांबू नकोस. कार्यात चार मावश्या, दोन आत्या आजूबाजूला असताना हा विषय निघाला तर त्याचं भलतंच होऊन बसेल. ग्रुपवरही नको, त्याला एकट्याला लिही. असं काहीतरी:

"दादा, युती मोडलीस त्याचा राग नाही. मीही तुला काढायचं तिच्याशी ठरवलं होतं, ते आधी सांगते. पण फोन करून आईशप्पथ म्हणालास ते लागलं. खेळातलं खेळाच्या चॅटवरच बोलू, फोनवर नको. शनिवारी आहेस ना?"

एवढंच. 6 कोटींचा हिशोब त्यात घालू नकोस.

पुन्हा खेळ, जरूर. फक्त सहाही जणांनी आधी दोन गोष्टी ठरवा. खेळ चालू असताना फोन आणि व्हॉट्सअॅप बंद, बोलायचं ते खेळातल्या चॅटवर. आणि खेळ संपला की दहा मिनिटं सगळ्यांनी कॉलवर थांबून कुणी कुणाशी काय ठरवलं होतं ते उघड करायचं. यातली मजा खरं तर तिथेच कळते, आणि मनात काही साचत नाही. तुमच्यातल्या एखाद्याला फुटणं सोसतच नसेल तर त्याला दर शनिवारी रडवू नका. खेळ मांडतानाच युती बदलण्याची परवानगी बंद करता येते, मग तीन विरुद्ध तीन असे ठरलेले गट करून खेळा. तो जवळजवळ मेंढीकोटच होतो.

येत्या शनिवारी डिप्लोमसीच खेळणार असाल तर युरोप दुसऱ्या कुणाला दे आणि तू दक्षिण अमेरिका माग. तिला लागून उत्तर अमेरिका हा एकच मोठा शेजारी आहे, त्यामुळे मुख्यतः उत्तरेकडे लक्ष ठेवावं लागतं. दादाला रशियाच घेऊ दे. रडार त्याला पहिल्या मिनिटाला देऊ नकोस. आधी त्याच्याकडून माग आणि तो काय म्हणतो ते बघ.

तुझी
ताई