कळसूबाई केलंय, मग स्कॉटलंडचा बेन नेव्हिस एका दिवसात जमेल ना? बूट कोणते घ्यावेत?

जमेल. पण "कळसूबाई 1646 मीटर, बेन नेव्हिस 1345, म्हणजे सोपाच" हा तुमच्या प्रश्नामागचा हिशोब साफ चुकीचा आहे. चार वर्षांपूर्वी बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावात माझ्या दिरांनी मला हाच ऐकवला होता, म्हणून लिहायला बसले.

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात गाडीतून उतरतो तेव्हाच आपण बरेच वर आलेलो असतो. ग्लेन नेव्हिसचं पार्किंग मात्र जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे बहुतेक सगळी उंची पायांनीच चढायची. जाऊन-येऊन साधारण 17 किलोमीटर, सात ते नऊ तास.

आम्ही मेच्या शेवटी गेलो. खाली लख्ख ऊन. मधल्या तळ्यापाशी भावोजी म्हणाले, "वहिनी, हा तर सिंहगडच." वाट रुंद आहे खरी. 1883 साली माथ्यावर वेधशाळा सुरू झाली, तिच्यासाठी सामानाची घोडी नेता यावीत म्हणून ती बांधलेली. रेड बर्नचा ओढा ओलांडला की नागमोडी वळणं लागतात. तिथे वारा सुटला, वर ढग उतरला आणि पायाखाली बर्फ आलं.

ह्यांची जीन्स भिजून मांड्यांना चिकटली होती. मी राजगिऱ्याची वडी दिली, तर पाकीट फाडता येईना. दातात धरलं, तरी नाही. बोटं वळतच नव्हती. बोलणंही जड झालं होतं. वाटेच्या खुणेचे दगडांचे ढीग, ना पुढचा दिसत होता ना मागचा. मी म्हटलं, उतरायचं. भावोजी म्हणाले, "अर्ध्या तासावर आलोय!" तसल्या वाऱ्यात दहा मिनिटं वाद घातला आम्ही. शेवटी उतरलो.

आजही दर गणपतीत घरी ऐकते, "वहिनींमुळे माथा राहिला." तर आता नीट सांगते. तो माथा सपाट आहे आणि उत्तरेला कडा एकदम तुटलेला. गार्डीलू गली या कड्यातल्या उभ्या घळीचं तोंड वाटेच्या अगदी जवळ आहे. मेमध्येसुद्धा तिच्या काठावर बर्फाची कड पुढे आलेली असू शकते, जिच्याखाली नुसती पोकळी असते. तिच्यापासून फार बाजूला सरकलं, तर पलीकडे फाइव्ह फिंगर गली. ढगात उतरायचं तर माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापासून 231 अंशांवर 150 मीटर जायचं, मग 282 अंशांवर वळायचं. आमच्यापैकी एकालाही हे आकडे माहीत नव्हते. होकायंत्र नव्हतं आणि फोन गारठून बंद पडला होता. माथ्यावर पोचलो असतो हो, पण खाली कसे आलो असतो, ते भावोजींनी आजवर सांगितलेलं नाही.

हे सगळं मेचं झालं. ऑगस्टमध्ये वाटेवर बहुधा बर्फ नसतं. मी पुढे ऑगस्टमध्येच जाऊन आले, आठ तासांत, माथ्यापर्यंत. तुमची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही.

बूट घोटा झाकणारे, पायाला सवय झालेले. जीन्स नको. कोरडे हातमोजे दोन जोड. आणि पार्किंगमध्येच ठरवून घ्या, कोणीही एकाने "वळूया" म्हटलं की सगळ्यांनी वळायचं, आणि घरी आल्यावर तो विषय काढायचा नाही.